टोपी उताणीच का पडते?

आमच्या व्हायब्रेटरी बाऊल फीडरमधून (थरथरत्या वाडग्यातून सुटे भाग एकेक करून ट्रॅकवर चढवून पुढे देणारं यंत्र) प्लास्टिकची टोपी जायची: व्यास २० मिमी, उंची ८, तळ दीड, भिंत १.२. असेंब्लीला ती पालथी (तोंड खाली) हवी, म्हणून ट्रॅकवरची टूलिंग (नको तशा पडलेल्या टोप्या अडवणारे खाचे-पट्ट्या) उताण्या (तोंड वर) टोप्या परत बाऊलमध्ये ढकलायची. बहुतेक टोप्या उताण्याच, त्यामुळे पुढचं स्टेशन कायम उपाशी. व्हायब्रेशन वाढवलं तर नुसता आवाज वाढला.

मग कागद-पेन्सिल घेतली. गुरुत्वमध्य तळापासून जेमतेम २.७ मिमीवर निघाला. गोल भिंतीवर, चाकासारखी उभी टोपी कलंडताना हा बिंदू किती वर उचलला जातो, त्यावर सगळं ठरतं (स्वयंचलित असेंब्लीचे अभ्यासक बूथ्रॉइड आणि मंडळींनी १९७०च्या दशकात हेच मांडलं होतं). उताणी व्हायला ०.४ मिमी, पालथी व्हायला १.३! हादऱ्यांत ती कुठे झुकणार हे उघड आहे. खात्रीसाठी मूठभर टोप्या बाऊलच्याच अस्तराच्या तुकड्यावर टाकून मोजल्या. काचेवर टाकू नका, उसळी वेगळी येते.

टूलिंग उलटी केली: उताणी राहू द्यायची, पालथी पाडायची. बाहेरच्या बंद च्यूटला (टोप्या घसरत पुढे नेणाऱ्या नळीला) अर्धा पीळ दिला, तिथे टोपी आपसूक पालथी होते. टोपी बरीच खोल असती तर मात्र आडवी लोळत राहिली असती. तिथे हा उपाय चालत नाही.