अमेरिकेची जुनी सोन्याची नाणी: सराफकट्ट्यावरच्या सवयी इथे नकोत

माझं पहिलं वीस डॉलरचं नाणं, 1904 सालचं, घरी आलं ते ऐन दिवाळीत. दागिने रिठ्याच्या पाण्यात पडलेच होते, त्यात मी नाणंही टाकलं आणि मऊ ब्रशने घासलं. झळझळीत निघालं! ग्रेडिंगला, म्हणजे नाणं खरं आहे का आणि किती चांगल्या स्थितीत आहे ते तपासून अंक देणाऱ्या कंपनीकडे पाठवलं, तर अंकाऐवजी शेरा आला: 'साफ केलेलं'. तिरक्या उजेडात धरलं तेव्हा मलाही दिसलं. नाण्यावरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवतेच्या) गालावर केसाएवढे ओरखडे, सगळे एकाच दिशेला. टाकसाळीतून निघालेल्या नाण्याची चमक, नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. एकदा घासली की गेली, ती पुन्हा आणता येत नाही.

तेव्हा घासू नका. तांबूस डाग दिसले तर राहू द्या. या सोन्यात दहा टक्के तांबं असतं, त्याचेच ते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा बसला असेल, तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन नुसतं बुडवा आणि तसंच वाळू द्या. खिडकी उघडी, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र नको, त्यात भलतंसलतं मिसळलेलं असतं.

दुसरी सवय कसोटीची. सराफाने कस लावला की नाण्यावर कायमची रेघ, आणि हाती काहीच नाही. कारण चांगली नक्कल खऱ्या सोन्यातच केलेली असते. 1907 च्या उंच उठावाच्या वीस डॉलरची एक प्रसिद्ध नक्कल आहे: बनवणाऱ्याने गरुडाच्या पंजात इवलासा ग्रीक ओमेगा सोडला, जणू सही! वजन (33.436 ग्रॅम) आणि व्यास (34 मिलिमीटर) तपासा जरूर, पण त्यातून फक्त ढोबळ बनावट पकडली जाते.

तिसरी चूक, भाव वजनावर लावणं. 1904 ची फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतली वीस डॉलरची नाणी साठ लाखांहून जास्त पाडली गेली. 1870 ची कार्सन सिटीची फक्त 3,789. सोनं तेवढंच. फरक गरुडाच्या शेपटीखालच्या 'सीसी' या दोन अक्षरांचा, म्हणजे कार्सन सिटी टाकसाळीच्या खुणेचा. म्हणूनच ठग अक्षरंच चिकटवतात. 1911 चं अडीच डॉलरचं डेन्व्हरचं नाणं (55,680 नग) घेताना 'डी'च्या बुडाशी दहापट भिंगातून जोडाची रेघ शोधा. नाणं ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत असलं तरी डबीचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि फोटो ताडून बघा. डब्याही बनावट निघतात.

1933 चं वीस डॉलरचं कुणी 'आजोबांच्या पेटीतलं' म्हणून दाखवलं, तर चहा पिऊन निघा. 4,45,500 पाडली, जवळजवळ सगळी वितळवली. खासगी मालकीला कायदेशीर परवानगी असलेलं एकच, ते 2021 मध्ये 1 कोटी 88 लाख डॉलरच्या वर विकलं गेलं.

आणि अमेरिकेतून पुण्याला आईकडे नेऊन ठेवायचा बेत असेल, तर कस्टम्सची दागिन्यांची सवलत नाण्यांना लागू नाही. जाहीर करा, ड्युटी भरा. शिवाय शंभर वर्षांपुढचं नाणं भारतात 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. नेलं की परत आणणं तुमच्या हातात उरत नाही. मी माझं घासलेलं 1904 तेवढं नेलं.