वाटप झालं, पण बदल झाला का? छोट्या संस्थेने आपलं काम कसं मोजावं

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात एका वस्तीवर आम्ही पाणी गाळायची ४० पिंपं वाटली होती. नारळ फुटला, फोटो निघाले, अहवालात ओळ गेली : '४० कुटुंबांना शुद्ध पाणी'. पुढच्या मार्चमध्ये सहज चक्कर मारली, तर पहिल्याच घरात पिंपाच्या तोंडापर्यंत दादर (आपल्याकडची ज्वारी) भरलेली. आतल्या कँडल काढून खिडकीत ठेवल्या होत्या. घरातली आजी कौतुकाने म्हणाली, उंदीर शिरत नाही हो यात.

अहवाल खोटा नव्हता. पिंपं मोजून ४० होती. 'शुद्ध पाणी' मात्र आम्हीच मनाने जोडलं होतं.

तेव्हापासून जे शिकलो ते पायरीपायरीने मांडतो. तीन-चार कार्यकर्ते, एक मोटारसायकल आणि एक वही एवढंच भांडवल असलेल्या मंडळांसाठी हे आहे.

पायरी १ : बदलाचं एकच वाक्य लिहा

ट्रस्टच्या घटनेत 'शैक्षणिक, सामाजिक व सांस्कृतिक उन्नती' लिहिलेलं असतं. ते धर्मादाय कार्यालयासाठी ठीक आहे, पण मोजायला निरुपयोगी. कोणाचं, काय, किती दिवसांत बदलणार, एवढंच लिहा. उदाहरणार्थ, 'या चार शाळांमधली तिसरी ते पाचवीची मुलं दिवाळीपर्यंत दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतील.' वाक्यात 'जनजागृती' आली की खोडा आणि पुन्हा लिहा. दप्तरं, सायकली, शिबिरं, झाडं ही आपली मेहनत झाली. मोजायचं ते समोरच्याच्या आयुष्यात काय हललं ते.

पायरी २ : काम सुरू व्हायच्या आधी मोजा

हीच पायरी सगळे चुकवतात. काम संपल्यावर 'आधी कसं होतं?' विचारलं की लोक आठवून, बरेचदा आपलं मन राखून, सांगतात.

साधनं नव्याने शोधायची गरज नाही. वाचनासाठी 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीतली चाचणी २००५ पासून वापरात आहे : अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. एका मुलामागे काही मिनिटं पुरतात आणि बारावी झालेली गावातली मुलगीही सरावाने ती नीट घेते. कुपोषणासाठी दंडाचा घेर मोजायची पट्टी अंगणवाडीताईंकडे असते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या बाळाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण. असं मूल सापडलं की वही बाजूला ठेवायची आणि त्याला आधी अंगणवाडीताई किंवा आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवायचं.

आता खास आपल्याकडची मेख. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात. समजा, सप्टेंबरमध्ये तुम्ही ६० मुलं तपासली आणि जानेवारीत वर्गात हजर असलेली ४० पुन्हा तपासली. सरासरी वाढलेली दिसेल. पण ती २० मुलं आई-बापासोबत उसाच्या फडात आहेत, आणि बहुतेक तीच वाचनात मागे होती. म्हणजे कोणी काही शिकलं नाही तरी सरासरी वर सरकते. यावर उपाय सोपा आहे. मुलांची यादी नावानिशी ठेवा, दोन्ही वेळा तीच मुलं तपासा आणि गैरहजर मुलापुढे 'स्थलांतर' असं स्वच्छ लिहा. ते नाव यादीतून गाळू नका. वजन, घेर, पाण्याची पातळी हे सगळं दर वर्षी त्याच महिन्यात मोजा. आषाढातलं बाळ आणि माघातलं बाळ यांची तुलना होत नाही.

पायरी ३ : 'आपण नसतो तर?' हे विचारा

मला वाटतं, सगळं मोजमाप या एका प्रश्नात आहे. शिरपूर पॅटर्नचं नाव झाल्यापासून नाला खोल-रुंद करायचं काम खान्देशात घरोघर माहीत आहे. २०१८ साली आपल्याकडे दुष्काळ जाहीर झाला. समजा, एखाद्या मंडळाने २०१९ च्या उन्हाळ्यात नाला खोल केला. त्या वर्षी पाऊस जोरात झाला. दिवाळीत विहिरी तुडुंब. सत्कार ठरलेलाच! पण ज्या शिवारात कुदळही लागली नव्हती तिथल्या विहिरीही भरल्याच होत्या.

म्हणून कामाच्या गावातल्या पाच विहिरी आणि तशीच जमीन, तसाच पाऊस असलेल्या शेजारच्या गावातल्या पाच विहिरी निवडा. सुतळीला दगड बांधायचा, मीटर-मीटरला गाठी मारायच्या आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते दर महिन्याच्या एका ठरल्या तारखेला लिहायचं. आदल्या दिवशी मोटार चालली होती का, हेही लिहायचं. दोन्ही गावांच्या पातळीत किती फरक होता आणि कामानंतर तो किती बदलला, तेवढंच तुमचं श्रेय. बाकीचं वरुणराजाचं.

शाळा किंवा पाड्यांच्या कामात याहून चांगली वाट आहे. मागणी बारा पाड्यांची आणि पैसा सहांपुरता असेल तर ग्रामसभेत सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाका. सहा पाडे यंदा, सहा पुढच्या वर्षी. आपल्या-परक्याचा आरोप टळतो आणि तुलनेला दुसरा गट आयताच मिळतो. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गरिबीच्या प्रश्नांवर अशाच चिठ्ठीच्या पद्धतीने केलेल्या प्रयोगांसाठी. अर्थात, उपाशी किंवा आजारी माणसाच्या मदतीसाठी चिठ्ठ्या टाकायच्या नसतात.

पायरी ४ : खर्चाला बदलाने भागा

समजा, वाचनवर्गाला वर्षाला २,४०,००० रुपये लागले. १२० मुलांपैकी ८० गोष्ट वाचू लागली. वर्ग नसलेल्या पाड्यांतल्या तेवढ्याच मुलांपैकी २० तशीही शिकली. तुमच्यामुळे शिकली ती ६०, म्हणजे एका मुलामागे ४,००० रुपये. पेट्रोल, झेरॉक्स, कार्यकर्त्याचं मानधन सगळं धरा. फुकट मिळालेली खोलीसुद्धा धरा, कारण पुढच्या गावात ती फुकट मिळणार नाही.

हा भागाकार कधीकधी चकवतो. उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ खेड्यांमध्ये बालकांच्या लसीकरणाचा प्रयोग झाला होता. जिथे काहीच केलं नाही तिथे ६ टक्के बालकांचं लसीकरण पूर्ण झालं. जिथे दर महिन्याला खात्रीने शिबिर भरलं तिथे १८ टक्के, आणि शिबिराला येणाऱ्या आईला प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर ताटं दिली तिथे ३९ टक्के. डाळ वाटणं म्हणजे उधळपट्टी असं कोणालाही वाटेल. पण नर्सताई दिवसभर बसायची ती बसायचीच. डाळीमुळे गर्दी वाढली आणि खर्च जास्त बाळांवर विभागला गेला. नुसत्या शिबिरात लसीकरण पूर्ण झालेल्या एका बाळामागे सुमारे २,२०० रुपये पडले, डाळीसकट सुमारे १,१००.

पायरी ५ : विचारायचं कसं, ते शिका

देणाऱ्यानेच विचारलं तर घेणारा 'लई चांगलं आहे दादा' म्हणतो. ज्याच्या हातून पुन्हा काही मिळायची आशा आहे त्याला कोण दुखावेल? म्हणून तपासणीला दुसऱ्या संस्थेची माणसं बोलवा. अमळनेरच्या मंडळाने साक्रीचं काम तपासावं, साक्रीने अमळनेरचं. बस भाड्यात आणि दोन वेळच्या शेवभाजीत काम होतं.

भाषा सांभाळा. पुण्याहून आलेला प्रश्नसंच जसाच्या तसा वाचून दाखवू नका. धडगावच्या डोंगरात पावरी, तापीकाठी अहिराणी. 'गेल्या पंधरवड्यात अतिसाराची बाधा?' असं विचारलं की समोरची बाई पदर सावरून 'नाही' म्हणते आणि विषय संपतो.

आणि शक्य तिथे प्रश्न विचारूच नका. 'पिंप वापरता का?' याऐवजी 'माय, जरा पाणी दे' म्हणा. तांब्या पिंपाच्या नळाखाली जातो की माठात बुडतो, ते बघा. आम्ही पुढे वस्तीवर असंच पाणी मागत फिरलो. बहुतेक घरांत तांब्या माठात गेला.

पायरी ६ : आकड्यांवरून निर्णय घ्या

मोजून फाईल बंद करायची असेल तर मोजूच नका, तेवढ्या वेळात दोन मुलं शिकवा. मोजायला बसण्यापूर्वीच ठरवा : अमुक इतकं घडलं तर काम वाढवू, तमुकच्या खाली गेलं तर थांबवू. नंतर ठरवायला गेलं की प्रत्येक अपयशाला चांगलं कारण सापडतं.

देणगीदाराला खरं सांगायची भीती वाटते, मलाही वाटायची. २०२१ च्या नियमांनुसार मोठ्या सीएसआर निधीच्या (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा) कंपन्यांना एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावंच लागतं. छोट्या मंडळाला ते बंधन नाही. तरी अहवालात 'काय जमलं नाही' हे एक पान घाला. आमच्या पिंपांच्या देणगीदाराने ते वाचून फोन केला. पैसे परत मागतील या भीतीने मी उचलला, तर त्यांनी विचारलं ते एवढंच : मग वस्तीला हवं काय होतं? आमच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी आकडे गावात वाचून दाखवा. त्यासाठी आखाजीनंतरचे दिवस बरे, बाहेर गेलेली माणसं घरी असतात. आम्ही पारावर वाचनवर्गाची यादी वाचली : गोष्ट वाचणारी मुलं ३७. मागून एक आजी ओरडली, "तो पोऱ्या ते गुजरातमा गया ना, भाऊ! त्याले कसं धरं?" वही पुन्हा उघडली. तिसऱ्या पानावर नावापुढे बरोबरची खूण होती, पण तपासणीची तारीखच नव्हती. खूण खोडून 'स्थलांतर' लिहिलं आणि बेरीज ३६ केली.