घरच्या टेबलावर एअर रायफलच्या पेलेटची निवड

बंदुकीची दारू आणि गोळी बसवून काडतुसे परवान्याशिवाय घरी तयार करणे हा गुन्हा असल्यामुळे बेळगाव-निपाणी भागातील हौशी नेमबाजाने टेबलावरचा छंद ४.५ मिलिमीटरच्या पेलेटवर, म्हणजे हवेच्या दाबाने सुटणाऱ्या एअर रायफलच्या छऱ्यांवर, भागवावा, आणि तो कमी रंजक मुळीच नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यामुळे डबीतील पेलेट पांढऱ्या कापडावर पसरून, ज्यांची मागील पातळ कडा चेपलेली आहे ते बाजूला काढावेत, कारण तिथूनच हवा निसटते. उरलेले पेलेट मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून वजनानुसार गट करावेत. माझ्या मते नवशिक्याने मात्र केवळ डोळ्यांनी निवडले तरी पुरे.

नेम विखुरल्यास पेलेटला दोष देण्याआधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून तिचे स्क्रू आणि नेम धरण्याची साइट घट्ट आहेत का ते पाहावे. स्प्रिंगच्या रायफलमधून धूर किंवा जळका वास येत असेल, तर सिलिंडरमध्ये जादा तेल गेले आहे असे समजावे. खानापूरकडील पावसाळ्यात गंजाच्या भीतीने सढळ हाताने तेल घालणाऱ्यांकडे हे हमखास आढळते. तेलाचा हलका हात बाहेरील धातूवरच फिरवावा. पेलेट शिशाचे असल्याने काम संपताच हात साबणाने धुवावेत, आणि टेबलावर चहा ठेवू नये.