द्वीपकल्पाला पायी वळसा: आधी पाणी बघा
नकाशाच्या आधी मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे कालची वेळ आज धरून चालत नाही. कड्याखालून जाणारे टप्पे ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी गाठा, म्हणजे पाणी अजून मागे हटत असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते लांबवर ओसरतं खरं, पण चढतंही तितकंच वर.

एकदा मी एका टोकाखाली डबा उघडून बसले. भरती सुरू होऊन तास झाला होता, पाणी जेमतेम हललेलं. म्हटलं, बराच वेळ आहे! पण निम्मी भरती तिसऱ्या-चौथ्या तासातच चढते. परतीची वाट गेली, बूट गळ्यात अडकवून कंबरभर पाण्यातून आले. आता डबा वर, गवतावरच.

अंतर नकाशावर दोरा ठेवून मोजा, किनाऱ्याची वळणं फसवतात. तासाला 5 किलोमीटर आणि 600 मीटर चढाला आणखी एक तास, हा जुना हिशेब. दगडगोट्यांवर मी त्याच्या दीडपट वेळ धरते.

काळपट, चकाकणाऱ्या कातळावर पाय टाकू नका, ते शेवाळ असतं. पांढुरक्या खरखरीत शिंपल्यांच्या थरावर पकड छान मिळते, तळहात मात्र सोलवटतात.

पिण्याचं पाणी सगळं घरूनच न्या. टोकाशी रेंज नसते, तेव्हा परतायची वेळ कुणाला तरी सांगून निघा. आणि अर्ध्यातून किनारा सोडून वर चढायच्या वाटा आधीच नकाशावर खुणावून ठेवा.