पावसाळी एकबीजपत्री वनस्पतींचे कुल ओळखताना या चुका टाळा

सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या एकबीजपत्री (बीजात एकच बीजपत्र असणाऱ्या) वनस्पतींचे कुल, म्हणजे जवळच्या प्रजातींचा मोठा गट, चुकते ते बहुधा फुलाचा रंग व आकार पाहून घाईने निर्णय केल्यामुळे. कुल ठरवताना अंडाशयाचे (फुलातील बीजे तयार होणाऱ्या भागाचे) स्थान, पुंकेसरांची संख्या आणि पानाचा तळ खोडाला कसा वेढतो, हे आधी पाहावे.

समांतर शिरा दिसल्या नाहीत म्हणून करांदा आणि घोटवेल यांना द्विबीजपत्री ठरवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. या वेलींच्या पानांत मुख्य शिरा तळापासून निघून टोकाकडे वळतात, पण त्यांच्यामध्ये बारीक जाळी असते. फूल पाहिले की शंका फिटते, कारण परिदले (पाकळ्यांसारखी दले) सहा, म्हणजे एकबीजपत्रींच्या नेहमीच्या तीनच्या पटीत असतात. अळू-सुरणाच्या कुलात मात्र ही मोजणी उपयोगी पडत नाही. सापकांद्याचा फणा हे फूल नसून महाछद, म्हणजे फुलोऱ्याला वेढणारे मोठे पानासारखे आवरण आहे; खरी, अगदी साधी फुले आतल्या दांड्याच्या खालच्या भागावर दाटीने बसलेली असतात.

सर्वांत जास्त गोंधळ मुसळीचा होतो. सफेद मुसळी आणि काळी मुसळी यांच्या नावांवरून त्या जवळच्या वाटतात, परंतु त्यांची कुले वेगळी आहेत. सफेद मुसळीच्या पांढऱ्या फुलात सहा पुंकेसरांच्या मधोमध हिरवा अंडाशय स्पष्ट दिसतो, म्हणजे तो ऊर्ध्वस्थ (इतर पुष्पभागांच्या वर) आहे. तिचे कुल अ‍ॅस्परॅगेसी. काळी मुसळीचे पिवळे, चांदणीसारखे फूल जमिनीलगत उमलते आणि ते वरच्यावर खुडून कापले तर आत अंडाशय सापडतच नाही. तो खाली, पानांच्या तळांमध्ये मातीत दडलेला असतो आणि आपण ज्याला देठ समजतो ती त्याच अंडाशयाची लांबलेली चोच असते. म्हणून माती हलक्या हाताने बाजूला सारून पाहावे. अधःस्थ (इतर पुष्पभागांच्या खाली असलेला) अंडाशय दिसला की हायपॉक्सिडेसी हे कुल निश्चित करता येते.

अंडाशय अधःस्थ आहे एवढ्यावरून अमॅरिलिडेसी ठरवणेही धोक्याचे आहे. इरिडेसीतही तो तसाच असतो, पण तेथे पुंकेसर तीनच असतात. शिवाय कांदा-लसूण आता अमॅरिलिडेसीत मोडतात आणि त्यांचा अंडाशय ऊर्ध्वस्थ आहे. अशा ठिकाणी अमॅरिलिडेसीची खूण म्हणून पर्णहीन दांड्याच्या टोकावरचा छत्रीसारखा फुलोरा पाहावा.

रानहळदीच्या फुलाला ओठ दिसतो म्हणून तिला ऑर्किड समजू नये. तिचा ओठ वंध्य (पराग न देणाऱ्या) पुंकेसरांपासून बनलेला असतो, तर ऑर्किडचा ओठ हे परिदल असते. गवताच्या काडीचे टोक परागकोशाला लावल्यास ऑर्किडचे पराग सहसा गठ्ठ्याने चिकटून येतात, रानहळदीचे मात्र भुकटीसारखे. पान चुरडल्यावर हळदीचा वास आला तर हळदीचेच कुल, झिंजिबरेसी. वास नसेल आणि पाने खोडाभोवती जिन्यासारखी फिरत गेली असतील, तर तो पेवा, कुल कॉस्टेसी.

गवत व लव्हाळा यांत केवळ पोकळ खोडावर विसंबू नये, कारण ज्वारीचे खोड भरीव असूनही ती पोएसीतच, म्हणजे गवतांच्या कुलातच येते. लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा बहुधा तीनधारी व पेरांविना असतो आणि पानाचा तळ बंद नळीसारखा असतो. गवताच्या दांड्याला पेरे असतात आणि पानाचा तळ बहुधा एका बाजूने उघडा असतो.

सर्व लक्षणे जुळूनही पुस्तकातले कुल वेगळे निघाले, तर पुस्तकाचे वर्ष पाहावे. डीएनएवर आधारित वर्गीकरण 1998 पासून रूढ होत गेले आणि जुने, अवाढव्य लिलिएसी कुल फुटले. त्यामुळे जुन्या ग्रंथांत लिलिएसीत असलेली कळलावी आज कॉल्चिकेसीत, तर घोटवेल स्मायलॅकेसीत मिळेल.