ऑफरोड ट्रेलरचे टायर तापतात, कडा झिजतात? माझं असं सुटलं

खडकाळ रस्त्यावर ट्रेलरचे टायर चटका बसेल एवढे तापायचे, दोन्ही कडा गुळगुळीत नि मधली नक्षी नवीकोरी. हवा वाढवली तर ट्रेलर टणाटण उडायला लागला, कारचे टायर टाकले तर साइडवॉलच (टायरची बाजूची भिंत) चिरली. डोक्याला नुसता ताप! शेवटी आधी सामान भरून एकेका चाकाचं वजन घेतलं, जड बाजू 450 किलो, त्यावर 20 टक्के धरून 540, म्हणजे लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड) किमान 87 पाहिजे (545 किलो), हा आकडा टायरवर साइजच्या पुढेच असतो. मग तेवढे किंवा जास्त रेटिंगचे एलटी (लाइट ट्रक) टायर घेतले, रिमची क्षमता पण बघितली, स्प्रिंग पूर्ण दबल्यावर मडगार्डला घासत नाही ना ते तपासलं, आणि टायर थंड असतानाच लोड टेबलप्रमाणे (किती वजनाला किती हवा ते सांगणारा टायर कंपनीचा तक्ता) हवा भरली. 50 किमीनंतर नट परत आवळले. आता झीज सगळीकडे सारखी.