'आमच्याकडे तर चालतंय' : सगळ्यांना वापरता येईल असं सॉफ्टवेअर करताना या चुका टाळा

आपलं सॉफ्टवेअर कुणाला वापरता आलं नाही, हे ते बनवणाऱ्याला सहसा कळतच नाही. ज्याचा फॉर्म अडला तो तक्रार लिहीत बसत नाही, निघून जातो. आकडेवारीत तो 'अर्ध्यावर सोडलेला फॉर्म' एवढाच उरतो. म्हणून 'आमच्याकडे तर चालतंय' हे वाक्य कानावर आलं की मला धास्ती वाटते. आमच्याकडे म्हणजे नवा फोन, मोठा मॉनिटर, वेगवान नेट, तरुण डोळे आणि न थरथरणारा हात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे दर सहा माणसांमागे एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे. हात प्लॅस्टरमध्ये असलेला किंवा कडेवर मूल घेऊन एका हाताने फोन चालवणारा माणूस त्या आकड्यात धरलेला नाही.

नावाच्या रकान्यातच माणूस अडतो

लक्षण असं : माणूस स्वतःचं नाव नीट लिहितो आणि फॉर्म म्हणतो, 'कृपया योग्य नाव टाका'. स्वतःचं नाव चुकीचं आहे असं यंत्राकडून ऐकणं अपमानास्पद असतं. माझ्या लेखी ही या यादीतली सगळ्यात वाईट चूक आहे.

पहिलं कारण सरळ आहे. तपासणीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर साच्यात बसतो का ते पाहणाऱ्या सूत्रात, फक्त रोमन अक्षरं दिलेली असतात. ते लक्षात आलं की डेव्हलपर युनिकोडचा (जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाचा) 'अक्षर' हा वर्ग वापरतो आणि सुटलो म्हणतो. पण इथेच दुसरा खड्डा आहे. काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांना युनिकोड 'अक्षर' मानत नाही, त्यांचा वर्ग 'चिन्ह' हा वेगळा आहे. त्यामुळे 'कमल' हे नाव पास होतं आणि 'किरण' नापास! टेस्टरने नेमकं 'कमल' टाकून पाहिलं असेल, तर ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. चिन्हांचा वर्गही जोडा. त्याहून बरं म्हणजे नावाची तपासणीच काढून टाका. रकाना रिकामा नाही ना, एवढं पाहिलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

लांबीची मर्यादा हाही असाच घोळ. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत चार युनिकोड संकेत असतात आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ते १२ बाइट खातात. डेटाबेसचा रकाना ५० बाइटांचा असेल, तर देवनागरीचे जेमतेम १६ संकेत मावतात. मग नाव मधेच तुटतं किंवा शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. मर्यादा ठेवायचीच असेल तर वाचणाऱ्याला दिसणाऱ्या अक्षरगटांवर ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी इंटल सेगमेंटर हे तयार साधन आहे. मात्र जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या लायब्ररी 'क्षि'चे अजून दोन तुकडे मोजतात. आपली लायब्ररी काय करते ते चालवून बघा.

आणि 'आडनाव' सक्तीचं कशाला? जगात असंख्य लोकांचं नाव एकाच शब्दाचं असतं. अशी माणसं आडनावाच्या जागी टिंब टाकतात किंवा तेच नाव दोनदा लिहितात आणि पुढे ओळखपत्राशी ते जुळत नाही. 'पूर्ण नाव' हा एकच रकाना पुरतो. लिंगाचा रकाना ठेवण्याआधी तर त्या उत्तराचं आपण पुढे काय करणार आहोत, हे टीमने एकदा मोठ्याने विचारावं. काहीच करणार नसू, तर तो काढावा.

बटण आहे, पण फक्त डोळ्यांना

आम्हीच बनवलेलं पान मी पहिल्यांदा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून ऐकलं तेव्हा तो म्हणाला, 'बटण. बटण. बटण.' तिन्ही चित्रं पडद्यावर सुबक होती, पण एकालाही नाव नव्हतं. अंध माणसाने त्यातलं 'हटवा' कोणतं आणि 'जतन करा' कोणतं हे कसं ओळखायचं?

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक बटणाला ऐकू येईल असं नाव द्या. साध्या डिव्हवर, म्हणजे पानातल्या निव्वळ खोक्यावर, क्लिक लावून बटणाचं सोंग उभं करू नका, एचटीएमएलचं खरं बटण वापरा. 'एरिया (स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये जोडायच्या खुणा) लावलं तरी एंटर दाबल्यावर काहीच होत नाही' ही तक्रार नेहमी येते. त्याचं कारण असं की एरिया फक्त 'हे बटण आहे' एवढं सांगतं, कीबोर्डची वागणूक आणत नाही. ती तुम्हाला स्वतः लिहावी लागते. खऱ्या बटणात ती आयती मिळते.

फोकस कुठे आहे, म्हणजे कीबोर्डची कळ आत्ता कशावर चालेल, ते दाखवणारी चौकट 'दिसायला बरी नाही' म्हणून सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) काढून टाकतात. असं केलं की कीबोर्डवर काम करणाऱ्याचा जणू माऊसचा बाणच गायब होतो. चौकट आवडत नसेल तर दुसरी, ठळक काढा. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना म्हणजे लेबल नव्हे, कारण लिहायला लागताच ती नाहीशी होते आणि विसरलेल्या माणसाला सगळं खोडून पुन्हा बघावं लागतं.

तपासायला दहा मिनिटं लागतात. माऊस बाजूला ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस एवढ्यावर एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. मग विंडोजवर एनव्हीडीए (फुकट मिळतो), अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर लावून तेच काम डोळे मिटून करा.

फिकट राखाडी आणि बारीक बटणं

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत नेहमीच्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. पांढऱ्यावर ७६७६७६ या रंगसंकेताचा राखाडी त्यात बसतो, ७७७७७७ बसत नाही. फरक डोळ्यांना जाणवतही नाही, म्हणून अंदाजावर न जाता मोजा. चूक फक्त लाल रंगाने दाखवू नका, शेजारी शब्द लिहा. २०२३ च्या २.२ आवृत्तीत दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल मागितले आहेत. तो तळ आहे, ४४ ठेवता आले तर ठेवा.

'भाषांतर शेवटी करू'

शेवटी भाषांतर होत नाही, ठिगळं लागतात. 'अमुकने तुम्हाला तमुक पाठवला' हे वाक्य तुकडे जोडून केलेलं असेल, तर मराठीत ते लगेच फसतं. फोटो पाठवला, चिठ्ठी पाठवली आणि पत्र पाठवलं. भाषांतरकाराला नेहमी पूर्ण वाक्य द्या, तुकडे नकोत. अनेकवचनाचंही तसंच. 'एक' आणि 'अनेक' अशा दोन खणांत इंग्रजी भागते, अरबीला सहा लागतात. त्यासाठी तयार नियम सीएलडीआर या युनिकोडच्या भाषावार माहितीसंग्रहात आहेत, ते हाताने लिहू नका.

दिसण्यातल्या तक्रारीही ओळखीच्या आहेत. रफार किंवा उकार कापला जात असेल, तर ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बांधलेली आहे. शिरोरेषा तुटक दिसत असेल, तर कुणीतरी अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. देवनागरीसाठी ते शून्य ठेवा. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी, उर्दू किंवा हिब्रूत पान विस्कटत असेल, तर सीएसएसमध्ये डावं-उजवं लिहिलेलं असतं. त्याऐवजी 'सुरुवात-शेवट' सांगणारे लॉजिकल गुणधर्म वापरा.

वेळेची घाई, पेस्टला मनाई

फॉर्म भरता भरता सत्र (सेशन) संपतं आणि सगळं पुसलं जातं. सावकाश वाचणाऱ्याला, एका बोटाने लिहिणाऱ्याला याचा फटका रोजचा आहे. वेळ संपण्याआधी इशारा द्या, एका साध्या कृतीने मुदत वाढवायला निदान २० सेकंद द्या आणि भरलेलं जपून ठेवा. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट बंद करणं तर सोडूनच द्या. त्याने सुरक्षितता वाढत नाही, उलट पासवर्ड मॅनेजर वापरणारा अडतो आणि ज्याच्या लक्षात राहत नाही तोही अडतो.

चाचणीत कोण नव्हतं?

२०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. सगळ्या चेहऱ्यांची मिळून एकच सरासरी काढली की ही दरी दिसत नाही. म्हणून आपल्या चाचणीचे निकालही गटवार मांडा.

स्वयंचलित तपासणीची साधनं जरूर चालवा, पण त्यांना चित्राऐवजी वाचून दाखवायचा पर्यायी मजकूर आहे की नाही एवढंच सहसा कळतं. तो 'आयएमजी ००४२' असा असला तरी ती बरेचदा हिरवी खूण देतात. पानावर एक विजेट चिकटवून सुलभता विकत घेता येते, असं सांगणाऱ्यांवर मुळीच विश्वास ठेवू नका. स्क्रीन रीडर वापरणारा स्वतःचं साधन घेऊनच आलेला असतो आणि असं विजेट बरेचदा त्याच्याच आड येतं. तो पैसा वेगवेगळ्या गरजांच्या चार-पाच माणसांना चाचणीला बोलावण्यावर घाला, त्यांच्या वेळेचा मोबदला द्या, आणि हे कच्चा आराखडा कागदावर असतानाच करा. ते वापरत असताना शेजारी बसून 'इथे दाबा' असं सांगू नका. ती कुठे थांबतात ते लिहून घ्या. बग नोंदवतानाही 'दिसायला किरकोळ' असा शेरा मारण्याआधी त्या माणसाचं काम पूर्ण झालं का ते बघा. झालं नसेल, तर तो बग पुढच्या आवृत्तीवर ढकलू नका.